चाळीस दिवसांचं गाऱ्हाणं

माझा मुलगा सुशांत हिमाचलला जायच्या आधी महिनाभर मुलुंडच्या आमच्या हॉलमध्येच हिमाचलला जाऊन राहिला होता. सोफा भिंतीला सरकवून त्याने तंबू उभा केला. टाइल्सवर खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून एक दोरी टीव्हीच्या टेबलाला आणि दुसरी माझ्या शिलाई मशीनला बांधली. एसी सोळावर. का, तर मुलांना थंडीची सवय व्हायला हवी. चैतन्य सहा वर्षांचा, राधा तीन वर्षांची. बाहेर एप्रिलचा घाम आणि ही दोघं स्वेटर, कानटोपी घालून तंबूत बसलेली. आठवड्याच्या आत दोघांची नाकं वाहायला लागली.

"बघ आई, इम्युनिटी बिल्ड होतेय," सुशांत म्हणाला.

"शेंबूड आहे रे तो. आधी पूस."

त्याने पुसला नाही. त्याचा मोबाइल रेकॉर्डिंगवर होता. श्रुतिकाने, म्हणजे माझ्या सुनेने, पोळ्या टाकून येऊन पुसला.

बेत असा होता की दोन्ही पोरांना घेऊन चाळीस दिवस हिमाचलात राहायचं. फिरायचं नाही हं, राहायचं. याला स्लो ट्रॅव्हल म्हणतात. मी विचारलं, म्हणजे काय? तर एकाच गावात दहा-दहा दिवस मुक्काम करायचा, मुद्दाम काही बघायला जायचं नाही, तिथल्या लोकांसारखं जेवायचं, झोपायचं आणि मुलांना कंटाळू द्यायचं. कंटाळा आला की मुलांची कल्पनाशक्ती वाढते म्हणे. आता हेच आम्ही दर मे महिन्यात सावंतवाडीकडे आमच्या गावी जाऊन करत होतो की! फक्त त्याला इंग्रजी नाव असतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

सुशांतचं ऑफिस ऐरोलीला. मे-जूनमध्ये कुठूनही काम करा अशी त्यांना मुभा मिळाली होती, त्यावर हा सगळा डोलारा. म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी सात हा डोंगराकडे तोंड करून लॅपटॉपवर बसणार.

"आणि तेवढा वेळ मुलं काय करणार?" मी विचारलं.

"निसर्गात रमतील, आई. तू पण ना! तुला मुलांवर विश्वासच नाही."

मुलांवर माझा पूर्ण विश्वास आहे. राधाला मोकळं सोडलं तर ती दरीच्या दिशेनेच धावणार, याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. तिच्या मागे कोण धावणार, एवढाच प्रश्न होता, आणि तो विचारला की मी जुन्या वळणाची ठरत होते.

या सगळ्याचे व्हिडिओ निघत होते. 'बाबा आणि पिल्लं' असं त्याने नाव ठेवलं होतं. प्रत्येक व्हिडिओची सुरुवात एकच, "हाय, मी माझ्या दोन पिल्लांना घेऊन चाळीस दिवसांसाठी हिमाचलला निघालोय!" घडी होणारं पॉटीचं भांडं दाखवून झालं, मुलांच्या रेनकोटांची तुलना झाली, लांबच्या प्रवासात मुलांशी कसं बोलावं यावर तर त्याने तंबूत बसून प्रवचनच केलं. श्रुतिका या व्हिडिओंत कधीमधी दिसायची. म्हणजे तिचा हात दिसायचा. पाण्याची बाटली पुढे करायचा आणि जायचा.

आमच्या सोसायटीत त्याचा चांगलाच बोलबाला झाला. सी विंगमधली चेतना लिफ्टमध्ये मला म्हणाली, "मावशी, काय बाबा आहे हो तुमचा सुशांत! आमच्याकडे मुलाची इयत्ता विचारली तर नवरा माझ्याकडे बघतो."

मी हसले. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? पोटच्या पोराचं कौतुक कुणाला कडू लागतं? घरी येईपर्यंत ते कौतुक टिकलं. घरात शिरले तर कौतुकाचा धनी तंबूत आडवा पडला होता आणि श्रुतिका लॅबमधून येऊन, पर्स खांद्यालाच ठेवून, राजमा भिजत घालत होती. हिमाचलात राजमा-भात खावा लागेल म्हणून मुलांना त्याचीही सवय लावणं चाललं होतं. मुलं पेज मागत होती.

त्या संध्याकाळी भाकऱ्या करताना तिने मला ते सांगितलं. ती स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, लग्नाच्या आधीपासून. तिथल्या मोठ्या बाई, डॉक्टर रश्मी, ठाण्यात नवी शाखा काढत होत्या. मे आणि जून त्यांचा मुक्काम तिकडे. मुलुंडची लॅब तेवढे दिवस श्रुतिकाने सांभाळावी, नीट सांभाळली तर कायमची तिच्याच हातात द्यावी, असं त्यांच्या मनात होतं. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. ती नाही म्हणाली तर विशालला देणार. हा विशाल तिच्या मागून आलेला. शीर सापडत नाही म्हणून सुई हातात धरून घामाघूम व्हायचा, त्याला रक्त काढायला शिकवलं हिनेच.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय आई, माझंही तिकीट काढून झालंय ना," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

मला संताप आला. त्याचा आलाच, पण तिचा जास्त आला. एवढी शिकलेली, लोकांच्या दंडात बेधडक सुई खुपसणारी बाई, आणि नवऱ्यापुढे वाचा बसते? मी तिला तसं म्हणणार होते. पण ती भाकरीकडे इतकं निरखून बघत होती, जणू तीच तपासणीला आली होती. मी पिठाचा पुढचा गोळा तिच्यापुढे सरकवला.

आता आमच्या घराची एक रीत आहे. लांबच्या प्रवासाला निघायचं तर आधी गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि कौल घ्यायचा. माझे यजमान काशीराम आधी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर कुरिअरमध्ये लागले, दोन्हीकडे युनियनचं निशाण धरलं. पण कौल घेतल्याशिवाय त्यांनी कसाऱ्याच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओली पानं लावतो, जाणाऱ्यांची नावं घेऊन गाऱ्हाणं घालतो. उजवं पान पडलं की परवानगी. डावं पडलं की गपचूप घरी बसा. नाव मात्र प्रत्येकाचं घ्यावं लागतं. ज्याचं नाव गाऱ्हाण्यात, त्याची राखण देवाकडे. ज्याचं नाही, त्याने वेस ओलांडायची नाही.

मला वाटलं, सुशांत यावरून कटकट करेल. पण त्याचे डोळे चमकले. "व्हिडिओ कॉलवर कौल? आई, झकास कंटेंट आहे हा!"

रविवारी सकाळी आम्ही सगळे हॉलमध्ये जमलो. माझा मोबाइल मी स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केला. त्यात अनंत गुरव देवळात बसलेला दिसत होता, मागे देव, पानं, समई. सुशांतने आपला मोबाइल तिपाईवर लावला होता; तो आमचं रेकॉर्डिंग करत होता. मुलांना त्याने मुद्दाम एकसारखे कुडते घातले होते. म्हणजे, घालायला सांगितले होते. श्रुतिका स्वयंपाकघराच्या दारात पदराला, सॉरी, ओढणीला हात पुसत उभी. तिला त्याने सांगितलं होतं, "तू जरा बाजूला थांब हं, फ्रेममध्ये तंबू यायला हवा."

"कोण कोण जातला? नावा सांगा," गुरवाने विचारलं.

सुशांत कॅमेऱ्याकडे बघून गोड हसला. "मी, सुशांत. आणि माझी दोन पिल्लं, चैतन्य आणि राधा."

"आणि कोण?"

"बस, काका. मी मुलांना घेऊन चाळीस दिवस हिमाचलला जातोय."

मी ऐकलं. माझे कान अजून शाबूत आहेत. दारात उभ्या असलेल्या श्रुतिकानेही ऐकलं, तिचा हात ओढणीवर थांबला.

गुरवाने डोळे मिटले आणि खडा आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! आज तुझा लेकरू सुशांत काशीराम, मुंबैक रवता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं.

"तो आपल्या पोरांक, चैतन्याक आणि राधाक घेवन, चाळीस दिस हिमाचलाक जाता हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

"तेंका जावक तुझी परवानगी असात, तर उजवो कौल दी, आणि पोरांका सुखरूप घराक आण रे म्हाराजा!"

शेवटचं "व्हय म्हाराजा" पुरतं म्हणून होतंय तोवर उजवं पान टपकन खाली. एरवी हा देव तास-तासभर लोकांना ताटकळत ठेवतो. सुशांतने दोन्ही हात वर केले, पिल्लांना उचललं, कॅमेऱ्याला अंगठा दाखवला. "परमिशन ग्रँटेड, गाइज!"

काशीराम मात्र भुवया आकसून बसले होते. "सुशांता," ते म्हणाले, "श्रुतिकाचा नाव खंय?"

"काय?"

"गाऱ्हाण्यात तिचा नावच घेवक नाय तू. देवान तुका आणि पोरांक परवानगी दिल्यान. तिका नाय."

सुशांत हसला. "अहो बाबा, मी जातोय म्हणजे ती आलीच ना त्यात!"

आलीच त्यात. बॅगाही येणारच होत्या त्यात, पॉटीचं भांडंही येणार होतं. मला त्या क्षणी त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली, छत्तीस वर्षांचा घोडा झाला तरी.

"नाव नाय तर ती जावची नाय," काशीराम म्हणाले. या एका बाबतीत ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

"बरं बाबा, ऍड करून टाकू. फॉर्मॅलिटी तर आहे. काका, एक नाव राहिलं, जरा परत घाला ना!"

गुरवाला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. तो नवं पान भिजवायला लागला. "घालूया. पण तिचा येगळा गाऱ्हाणा घालूचा लागतला. वैनी, सुनेचा काय मागणा हा, ता सांगा."

तो मला विचारत होता, कारण फोन माझा होता आणि घरातली थोरली बाई मी होते. मला सांगता आलं असतं, तिलाही जायचंय, घाल. पान पडलं असतं नाहीतर नसतं पडलं. मी दाराकडे वळले.

"श्रुतिका," मी म्हटलं, "देवाकडे तुझ्यासाठी काय मागू?"

तिने आधी सुशांतकडे पाहिलं. तो हाताने खुणावत होता, चल, पटकन सांग, रेकॉर्डिंग चालू आहे. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"मला इथंच राहायचंय, आई," ती म्हणाली. "लॅब मला हवीय. विशालला नाही द्यायची."

सुशांतचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातलं हसू गेलं.

"म्हणजे? तू हे आधी का नाही बोललीस, यार?"

"बोलले. मागच्या रविवारी बोलले, परवा बोलले. तू म्हणालास, जरा थांब, आवाज रेकॉर्ड होतोय."

"पण चाळीस दिवस मुलांना... मी एकटा... माझे कॉल असतात गं दिवसभर!"

"निसर्गात रमतील," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी तोंडाला पदर लावला.

"बरोबर आहे!" सुशांत एकदम तावात आला. तिपाईवरचा मोबाइल अजून त्याच्याकडे बघत होता ना! "नो प्रॉब्लेम. मी नेतो. मी एकटा नेतो माझ्या पिल्लांना. त्यात काय आहे एवढं?"

"मग मी मॅडमना कळवते," श्रुतिका म्हणाली. सोमवारची वाट तिने बघितली नाही. टेबलावरचा फोन उचलला, नंबर लावला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. "हॅलो मॅडम, श्रुतिका बोलतेय. हो, मेपासून मी बघते लॅब. हो, नक्की."

तेवढ्यात राधा तंबूतून बाहेर आली. कुडता पोटापर्यंत वर धरलेला, पाय एकमेकांना चिकटवलेले. "आई, शी."

सुशांत सवयीने म्हणाला, "एक मिनिट हं पिल्लू, आई फोनवर आहे." म्हणून झाल्यावर त्याने तिच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आपल्या बापाकडे पाहिलं. काशीराम टीव्हीचा रिमोट शोधायला लागले. शेवटी तो माझ्याकडे वळला.

"माझ्याकडे बघू नकोस," मी म्हटलं. "माझंही नाव नव्हतं गाऱ्हाण्यात."

"बाबा, येतेय!" राधा ओरडली. त्याने तिला काखांत धरून उचललं आणि अंगापासून लांब, हात ताठ करून, बाथरूमकडे पळाला. जाताना त्याचा पाय दोरीत अडकला आणि तंबू माझ्या शिलाई मशीनवर कोसळला.

"वैनी," डब्याला टेकलेल्या मोबाइलमधून गुरव म्हणाला, "मगे काय मागूचा सुनेसाठी?"

"काही नको, अनंता. तिचं झालं."

बाथरूममध्ये नळ सुटल्याचा आवाज आला, बादली पडल्याचा आला, राधाच्या रडण्याचा आला. मग दार किलकिलं झालं आणि सुशांतची हाक आली, "अगं, हिच्या चड्ड्या कुठे असतात?"

काशीरामांना एकदाचा रिमोट सापडला. श्रुतिकाने खिडकीकडे तोंड केलं आणि सकाळी लॅब किती वाजता उघडायची ते मॅडमना विचारलं.