बावीस वर्षांत एकही नाही

माझ्या हातून बावीस वर्षांत एकही चष्मा चुकलेला नाही. हे मी आमच्या चष्मेवाल्यांच्या संघटनेच्या कार्यक्रमात माईकवरून सांगितलं, आणि तीनदा सांगितलं, कारण माईक मध्येच बंद पडत होता.

सत्कार माझाच होता. डोळे तपासणाऱ्या बाई नंबर लिहून देतात, मी तो काचेत उतरवतो आणि काच घासून फ्रेममध्ये बसवतो, एवढंच माझं काम. पण संघटनेने पितळी पाटी दिली आणि बोलायला विषय दिला, 'कामातलं समाधान'. वेळ पाच मिनिटं दिली होती. मी पंचवीस मिनिटं समाधानी होतो.

पहिल्या रांगेत बायको होती, सासूबाई होत्या आणि मान डावीकडे कलती करून बसलेले सासरेबुवा होते. गेले आठ महिने ते सगळ्या जगाकडे असेच बघत होते. आम्हाला वाटलं, वय झालं.

सासरेबुवा कोट शिवायचे. अठ्ठेचाळीस वर्षं तेच केलं. त्यांचा कोट घातला की ढेरपोट्या माणूससुद्धा पोट घरी ठेवून आल्यासारखा दिसायचा. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या जुन्या चष्म्याची काडी मोडली, तेव्हा मी त्यांना नवा चष्मा करून दिला. फुकट. हे मी भाषणातही सांगितलं होतं.

नवा चष्मा लावल्यावर चार दिवसांनी ते हळूच म्हणाले होते, "जावईबापू, जरा तिरकं दिसतंय हो."

मी म्हणालो, "नवा आहे ना बाबा. डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो."

आमचा निम्मा धंदा या एका वाक्यावर चालतो. शिवाय जावयाने फुकट दिलेल्या वस्तूला दुसऱ्यांदा नाव कोण ठेवणार? सासरेबुवा गप्प बसले आणि सवय करायला लागले.

आधी त्यांनी घरातले सगळे फोटो 'सरळ' केले. सासूबाई मागून जाऊन ते खरोखरचे सरळ करायच्या. हे परत जाऊन आपल्यासारखे करायचे. दोघांचं एका भिंतीवरून तीन दिवस बोलणं बंद होतं. मग बँकेच्या मॅनेजरचा कोट झाला. त्याचा डावा खिसा काखेत चढला होता आणि उजवा मांडीवर उतरला होता. मॅनेजर बिचारा भिडस्त, घालून गेला बँकेत. दिवसभर लोक त्याला खुर्ची देत होते आणि कंबर कधीपासून धरली म्हणून विचारत होते. त्यानंतर एका नवरदेवाचा कोट. लग्नाच्या प्रत्येक फोटोत तो बायकोला ढकलतोय असंच दिसतं म्हणे.

सासरेबुवांनी दुकान बंद केलं. मशीनवर चादर टाकली. आपले दोन्ही पंजे माझ्यासमोर धरून म्हणाले, "हात गेले, जावईबापू."

त्यावर मी त्यांना काय सांगावं? मी सांगितलं, "बाबा, समाधान कामात नसतं, मनात असतं. आता आराम करा. फिरायला जा."

ते फिरायला जायला लागले. दोनदा शेजाऱ्यांच्या फाटकात शिरले.

तर, सत्काराच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या चष्म्याची नाकावरची गादी निसटली म्हणून मी तो दुकानात नेला. हातात चष्मा आला की आधी नंबर बघायच्या मशीनखाली धरायचा, ही माझी सवय. धरला. डोळा लावला. डोळा काढला. मशीन पुसलं आणि परत लावला.

सासरेबुवांच्या दोन्ही डोळ्यांना सिलिंडरचा नंबर आहे. अशी काच नेमक्या कोनात बसवावी लागते. त्यांच्या उजव्या डोळ्याचा कोन एकीकडे झुकतो, डाव्याचा बरोबर उलट्या बाजूला. उजवी काच डावीकडे बसली आणि डावी उजवीकडे, तर खिडकीची चौकटसुद्धा दारू प्यायल्यासारखी दिसते. आणि इथे काचा नेमक्या तशाच बसल्या होत्या.

डोळे तपासणाऱ्या बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी वाकून बघितलं.

"अगंबाई! हे कुठल्या गाढवाने बसवलं?"

"असेल कुणीतरी," मी म्हणालो.

बाईंनी आठ महिन्यांपूर्वीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. आमच्याकडे चष्मा करणारा चिठ्ठीवर सही करतो. माझी सही मोठी आहे, खाली दोन रेघा ओढलेली. बाईंनी चिठ्ठी वाचली, मग माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवर कालच टांगलेल्या पितळी पाटीकडे.

"बावीस म्हणालात ना काल?"

"बाई, हळू बोला."

"मी कुठे माईकवरून बोलतेय?"

कसं झालं तेही मला आठवलं, हे आणखी वाईट. फ्रेम आपल्याकडे तोंड करून धरली की समोरच्याचं उजवं आपलं डावं होतं. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. त्या दिवशी मी दुसऱ्या दुकानातल्या कारागिराला फोनवर नेमकं हेच समजावून सांगत होतो. एका हातात फोन, दुसऱ्या हातात सासरेबुवांची फ्रेम, आणि वर हातवारे. फ्रेम गोल होती. चौकोनी असती तर काच बसलीच नसती आणि माझी अब्रू वाचली असती.

काचा अदलाबदल करायला दहा मिनिटं लागली. दहा मिनिटांच्या कामासाठी एका माणसाचे आठ महिने गेले होते. कान इतके तापले की मी नळाखाली डोकं धरलं.

बाई म्हणाल्या, "घरी जाऊन सांगणार ना?"

"सांगणार म्हणजे काय! सांगणारच."

गेलो. सासरेबुवांनी चष्मा लावला आणि भिंतीकडे बघितलं.

"हे फोटो कुणी तिरके लावले?"

सासूबाई म्हणाल्या, "घ्या! आठ महिने हेच ओरडतेय मी."

पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांची मान हळूहळू सरळ होत होती. त्यांनी दाराची चौकट बघितली. फरशीच्या रेघेवर पाऊल ठेवून टोकापर्यंत चालत गेले आणि चालतच परत आले. "जावईबापू," ते म्हणाले, "काय केलंत हो तुम्ही?"

हीच वेळ होती. मी तोंड उघडलं.

"जरा ॲडजस्ट केलं," माझं तोंड म्हणालं.

"बघितलंस?" बायको आईला म्हणाली. "आठ महिने कुणाला कळलं नाही, यांना हात लावताच कळलं. उगीच नाही पाटी देत."

अशा वेळी धरणी पोटात घेत नाही. ती आपल्या पायाखाली नुसती सरळ पडून राहते. संध्याकाळपर्यंत शेजारच्या तीन घरांतले चष्मे माझ्यापुढे आले, 'ॲडजस्ट' करायला. मी एकेक नुसता पुसून परत दिला. एका आजीला लगेच फरक पडला.

खरी गोष्ट पुढेच आहे. सासरेबुवांचं मशीन शिवणक्लासच्या बाईंना द्यायचं आधीच ठरलं होतं, त्या रविवारी अकरा वाजता येऊन नेणार होत्या. मी म्हणालो, "बाबा, आता दिसतंय ना नीट? मग मशीन कशाला देताय?"

"डोळे परत आले हो, तुमची कृपा," ते म्हणाले. "पण कोट डोळ्यांनी का शिवतात? इतक्या वर्षांनी हाताला डोळ्यांची गरज नसते. हात सरळच जायला हवे होते. ते गेले नाहीत, म्हणजे हातच गेले. आता कुणाचं कापड खराब करायला मन घेत नाही." मग जरा लाजून म्हणाले, "एक मात्र करणार. मशीन जायच्या आधी शेवटचा कोट शिवणार. तुम्हाला. पुढच्या सत्काराला घाला."

मी नको नको म्हणालो. तो सगळ्यांना विनय वाटला.

चार दिवस ते माझा कोट शिवत होते. संध्याकाळी मी जायचो, तेव्हा ते खडूची एकच रेघ तीनतीनदा तपासताना दिसायचे. बोटाने चाचपायचे, फूटपट्टी लावायचे, परत चाचपायचे. रेघ दर वेळी सरळ असायची. त्यांचा स्वतःवर विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास माझ्यावर होता.

रविवारी दहा वाजता मी कोट घालून आरशासमोर उभा होतो. सासरेबुवा तोंडात सात-आठ टाचण्या धरून माझी बाही दुमडत होते. पाठीमागच्या टेबलावर उभी ठेवलेली इस्त्री तापत होती. कोट असा बसला होता की आरशातला माणूस मला भला वाटायला लागला. तेच मला सोसवेना.

"बाबा," मी म्हणालो, "तुमचे हात गेलेले नाहीत. काचा मी उलट्या बसवल्या होत्या. उजवी डावीकडे. आठ महिने."

ते थांबले. तोंडात टाचण्या असल्यामुळे काही बोलता येईना. आतून सासूबाई म्हणाल्या, "काय झालं हो?"  सासरेबुवांनी तोंडातली एक टाचणी काढली आणि टाचण्यांच्या उशीला टोचली. मग दुसरी. आठवी टोचून होईपर्यंत माझ्या पाठीतून घाम निथळून त्यांच्या अस्तरात गेला होता.

"म्हणजे मॅनेजरचा खिसा?"

"माझा."

"आणि तो नवरदेव?"

"तोही माझाच."

"आणि मला फिरायला कुणी पाठवलं?"

मी खाली बघितलं.

"सांगायला इतके दिवस लागले?"

"लाज वाटत होती."

"मलाही वाटत होती," सासरेबुवा म्हणाले. "आठ महिने. मॅनेजर रस्त्यात दिसला की मी गल्ली बदलायचो. ती लाज तुमची होती होय? मी उगाच सांभाळत बसलो!"



त्यांनी आपले हात समोर धरले. उलटसुलट करून बघितले, जसा कुणी हरवलेला आणि सापडलेला किल्ल्यांचा जुडगा बघतो. मग आत बघून ओरडले, "अगं, क्लासच्या बाईंना फोन लाव. मशीन मिळणार नाही म्हणावं. आणि मॅनेजरलाही लाव, कोट घेऊन ये म्हणावं, खिसे उतरवून देतो."

"कारण काय सांगू?" सासूबाईंनी विचारलं.

"कारण जावई सांगतील. बाई येणारच असतील तर त्यांना तोंडावर सांगतील. मॅनेजरलाही. नवरदेवाकडे जाऊन सांगतील. बायकोसमोर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हात वर करा. काखेत जरा सैल आहे."

मी हात वर केले. त्यांनी काखेत दोन टाचण्या लावल्या. दोन्ही नेमक्या एका ओळीत बसल्या. मला इतकं बरं वाटलं आणि इतकी लाज वाटली, की दोन्ही एकदम लपवायला मी खाली पडलेला खडू उचलायला वाकलो.

काखेतली टाचणी टोचली. मी मागे उडालो. टेबलावरची इस्त्री कोटाच्या पाठीला चिकटली, आणि ती काढेपर्यंत कोट पाठीत मधोमध जळाला.