दसरा ते दसरा एकच ब्लेड

आमच्या घरी खंडेनवमीला कोयता, खुरपं आणि ट्रॅक्टर यांच्या पूजेत एक रेझरही असतो. तो माझ्या सासऱ्यांचा. सुभेदार मानसिंग, सेवानिवृत्त. पूजा झाली की रेझरमध्ये नवं ब्लेड घालायचं आणि तेच पुढच्या दसऱ्यापर्यंत चालवायचं, असा त्यांचा नेम. इतक्या गंभीर चेहऱ्यानं त्यांनी खंडोबालासुद्धा कधी भंडारा वाहिला नसेल.

रोज दाढी झाली की ब्लेड काढून फडक्यावर टिपायचं, मग काचेच्या पेल्याला आतून बोटानं दाबून वीस वेळा इकडून, वीस वेळा तिकडून घासायचं, वर खोबरेलाचा थेंब. हे सगळं पडवीत बसून, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असं. कुणी चुकून थांबला की अर्धा तास गेला त्याचा. माझा नवरा धैर्यशील कुपवाडला कारखान्यात जातो आणि ट्रिमर वापरतो, म्हणून बापाच्या लेखी तो वाया गेलेला.

शिवरात्र झाल्यावर माझ्या सासूबाई, राहीबाई, लेकीच्या बाळंतपणासाठी साताऱ्याला गेल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या गेल्या आणि दोन आठवड्यांत मामंजींचा चेहरा मारामारी करून आल्यासारखा दिसायला लागला. गालभर वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून ते चहाला बसायचे. आधी त्यांनी बोअरच्या पाण्याला नावं ठेवली, मग साबणाला, मग मला.

"तू पेला तारंच्या घासणीनं घासलास. काचंची गोडी गेली," म्हणाले. काचेला गोडी असते हे मला एम. कॉम.ला कुणी शिकवलं नव्हतं.

कोपऱ्यावर श्रेणिकअण्णांचं किराणा दुकान आहे. मी साखर घ्यायला गेले तेव्हा मामंजी तिथेच कट्ट्यावर होते.

"सुभेदार, गालावर लढाई झालीया जनू," अण्णा म्हणाले.

"हात हालला. बिलेडचा काय दोष न्हाई."

"मग पाडव्याला हितंच करा की दाढी, सगळ्यांम्होरं. त्याच बिलेडनं. रगत न्हाई आलं तर मी दुकानात बिलेड ठेवायचं सोडतो. आलं तर?"

"तर मिशी उतरीवतो," मामंजी ताडकन म्हणाले.

ती मिशी साधीसुधी नव्हती. दोन्ही टोकांना पीळ, रोज रात्री तूप. लेकीच्या पाठवणीत मामंजी ढसाढसा रडले, पण आधी मिशी सावरून घेतली. ती गेली तर ते गावात तोंड दाखवणार नव्हते. मग ते तोंड दिवसभर घरात मलाच बघावं लागणार होतं.

पाडव्याला तीन दिवस राहिले असताना आत्याबाईंचा फोन आला. मी पैजेचं सांगितलं.

"रेश्मा," त्या हळूच म्हणाल्या, "तांदळाच्या डब्यात तळाला बिलेडांची पुडी हाय. दर आयतवारी त्ये रानात गेलं की बदलायचं आसतं गं. नवं बिलेड चिमूटभर राखंनं चोळायचं, म्हंजे चकाकत न्हाई. तुला सांगायचंच इसरले बघ."

"किती वर्षं करताय हे?"

"रिटायर हून आल्यापास्नं. अठरा वर्सं. पयल्या म्हैन्यात गालाची चाळण झालेली, बघवंना मला. आनि सांगून ऐकत्यात व्हय? त्या श्रेणिकअण्णाला म्हाईत हाय सगळं. पुड्या त्याच्याकडनंच घेती मी."

तेव्हा अण्णांनी आत्याबाईंची पाठ वळल्यावरच पैजेचं का काढलं, ते मला समजलं. मनात त्यांना दोन शिव्या घातल्या आणि सांगितलं तसं ब्लेड बदललं. जुनं कागदात गुंडाळून फडताळात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मामंजींचे गाल गुळगुळीत. पडवीतूनच हाक आली.

"बघितलंस? तुझी सासू म्हैनाभर घरात न्हाई, तर बिलेडनं कशी धार धरली! तिचा वला हात लागायचा रेझरला. बाईमानसाला धारंतलं काय कळतंय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अठरा वर्षं राख चोळणाऱ्या बाईला हे ऐकवतोय माणूस! पाडव्याच्या आदल्या दिवशी ते रानात गेल्यावर मी जुनं ब्लेड परत रेझरमध्ये घातलं. मुद्दाम घातलं आणि मला जराही लाज वाटली नाही.

पाडव्याला गुढी उभारून, फेटा बांधून ते दुकानाच्या कट्ट्यावर बसले. निम्मी आळी जमली होती. पहिला हात कसाबसा गेला. दुसऱ्याला गाल कापला, तिसऱ्याला हनुवटी. रक्त फेसातून खाली आलं.

"ऱ्हाऊ द्या सुभेदार," अण्णाच घाबरले. "सनासुदीचं कशाला? मी चेष्टा केली."

"जबान दिलीया."

त्यांनी आरसा सरळ केला आणि त्याच ब्लेडनं मिशी उतरवायला घेतली. केस कापले जात नव्हते, ओढले जात होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबला नाही. कुणीही हसलं नाही. मी कडुलिंब-गुळाची वाटी घेऊन मागं उभी होते आणि मला माझीच किळस आली.

घरी येऊन ते तोंडाला टॉवेल लावून बसले. मी तांदळाचा डबा त्यांच्यापुढं ठेवला, तळातली पुडी काढून दिली आणि सगळं सांगून टाकलं, माझं कृत्यसुद्धा. आता घर डोक्यावर घेतील म्हणून मी दाराजवळच थांबले.

त्यांनी पुडी उलटसुलट करून बघितली. "अठरा वर्सं?"

"हो मामा."

"फोन लाव तिला. तोंड दिसतंय त्यो."

आत्याबाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मामंजींनी टॉवेल काढला. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि बघतच राहिल्या.

"तुझ्यापायी गेली," मामंजी म्हणाले. आवाज चढवायला गेले, पण तो चढलाच नाही.

"फोन जरा जवळ धरा. रगत थांबलं न्हवं?"

"थांबलं."

"मग बरं झालं. लगीन झाल्यापास्नं टोचत हुती मला."

सुनेसमोर असलं बोलणं! मी डबा उचलून आत निघाले. मामंजींना त्याचं भान नव्हतं. ते उघड्या ओठावरून बोट फिरवत होते.

"मग कवा बोलली का न्हाईस?"

"तुमी कवा इचारलंसा?"