सोळा चौकोन

सकाळी उठल्यापासून दहा वाजेपर्यंत मी बोलत नाही. अकरा वर्षं हा नेम आहे. घराला त्याची सवय झाली आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी एक पाटी टांगलेली असते, काही सांगायचं असलं की मी खडूने तिच्यावर लिहिते. 'दूध संपलं.' 'गीझर बंद करा.' आमचे हे पाहुण्यांना सांगतात, "आमची बायको दहापर्यंत बोलत नाही, नुसती छापते."

पुढच्या खोलीत ह्यांचं टेबल आहे. लोकांना हवे तसे कॉम्प्युटर जोडून द्यायचे, हे ह्यांचं काम. पण जीव अडकलेला असतो तो अजून बाजारात न आलेल्या वस्तूंत. पुढच्या वर्षीचा प्रोसेसर कसा निघेल, घरच्या मशीनसाठी किती कोअरचा, सर्व्हरसाठी किती कोअरचा, यावर रात्रंदिवस खल करणाऱ्या हौशी लोकांचं इंटरनेटवर एक मंडळ आहे. तिथे ह्यांचं नाव 'थंड डोकं'. बाकीचे ऐकीव बातम्या उठवतात. हे दहादा तपासल्याशिवाय एक ओळ लिहीत नाहीत, म्हणून ह्यांच्या शब्दाला तिथे वजन.

कोअर म्हणजे गाभा, हे ह्यांनीच मला लग्नाच्या नव्या नवलाईत समजावलं होतं. "एका स्वयंपाकघरात एकाच वेळी आठ जणी राबतायत असं समज."

"आणि भांडत नाहीत?" मी विचारलं होतं.

तेव्हा हे पोट धरून हसले होते. पुढे मी विचारायचं आधी सोडलं की ह्यांनी सांगायचं, ते आता आठवत नाही.

मग दिरांचं लग्न झालं आणि मला धाकटी जाऊ आली. ती एका कंपनीच्या सर्व्हर-रूममध्ये काम करते. दोघं दोन गल्ल्या सोडून राहतात. दर रविवारी नऊच्या ठोक्याला, नवऱ्याला झोपलेला ठेवून, ही आमच्या दारात.

"दादा, शहाण्णव कोअरवर थांबतील असं नाही वाटत मला."

"अगं, मग उष्णता कुठे घालवतील? खिडकीतून?"

"तुम्ही पंखेवाले, तुम्हाला उष्णतेशिवाय दिसतं काय."

आणि हसणं. मला ज्या तोंडून 'हं' आणि 'बरं' यापलीकडे काही मिळत नाही, ते तोंड तासभर थांबत नाही. तेही नेमकं माझ्या मौनाच्या वेळेत. मी चहा नेऊन ठेवते. ती सरकून जागा करते, म्हणते, "वहिनी, बसा ना." मी मान हलवून परत फिरते. मग जपाला बसायचं. बोटं माळेवर आणि कान पुढच्या खोलीत. माझी माळ जुनी आहे, एका मण्याचा टवका उडालेला आहे. एका फेरीत तो एकदाच बोटाला लागायचा. त्या रविवारांत तो कितीदा लागला, मला सांगता यायचं नाही.

त्या रविवारी ती आली तीच धापा टाकत. कुणीतरी ओळखीच्याने तिला फोटो पाठवला होता. नव्या सर्व्हर प्रोसेसरचा, वरचं झाकण काढलेला. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघांची डोकी पडद्याला चिकटली होती.

"मोजा तुम्हीच," ती म्हणाली. "सोळा चौकोन. एकात आठ कोअर. एकशे अठ्ठावीस झाले, दादा."

"सोळाच आहेत," हे म्हणाले. आवाज कापत होता. लेकीच्या जन्माच्या वेळी ऐकलेला तसा आवाज.

मी कपबशी ठेवताना पाहिलं. काळसर पाटावर चार-चारच्या चार ओळी, बारीक चौकोन. मोजायची सवय नजरेला असतेच. दुसऱ्या चौकोनाच्या कोपऱ्याला केसाएवढा टवका होता. शेवटच्या ओळीतल्या दुसऱ्यालाही, त्याच कोपऱ्याला, तसाच. शेजारचा डिंकाचा ओघळही तोच. तोच मणी दोनदा हातात आला होता. कुणीतरी पहिली ओळ उचलून खाली पुन्हा चिकटवली होती. खरे चौकोन बाराच.

घड्याळात सव्वानऊ.

"मी टाकू का मंडळात?" धाकटीने विचारलं.

"नको, माझ्या नावाने टाकतो. तुझ्या नोकरीवर यायला नको काही."

तिच्या नोकरीची केवढी काळजी. मी स्वयंपाकघरात आले. पाटी समोर होती, खडू तिच्या कडेला. लिहिलं असतं तर नेम मोडत नव्हता. मी खडू घेतला आणि लिहिलं, 'चहा गार होतोय.' पुढच्या खोलीतून पाटीकडे बघून ह्यांची हाक आली, "हो हो, घेतो." मी माळ हातात घेतली आणि डोळे मिटले. तिचा पोपट होऊ दे, एवढंच मनात होतं. फोटो स्वतःच्या नावाने टाकणार होते ते हे, तरीही.

दुपारी चारपर्यंत सगळं उघडं पडलं. मंडळातल्या कुणीतरी दोन्ही चौकोन मोठे करून शेजारी-शेजारी लावले. खाली लोकांचा पूर. 'थंड डोकं नव्हे, रिकामं डोकं.' 'काकांना चष्मा पाठवा.' धाकटीचा फोन आला, ती रडत होती. हे म्हणाले, "तुझं नाव कुठेही नाहीये. मीच पाहिलं नाही नीट. रडू नकोस, वेडे."

मग फोन ठेवून माझ्याकडे वळले. "तूही पाहिला होतास ना? चहा ठेवताना?"

आता दहा कधीच वाजून गेले होते. खोटं बोलायचं नाही, हाही माझा नेम आहे.

"बाराच होते," मी म्हटलं.

"कधी कळलं?"

"सव्वानऊला."

ह्यांनी पाटीकडे पाहिलं. 'चहा गार होतोय' अजून तिथेच होतं. मग उठून टेबलापाशी गेले आणि उरलेला दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर ह्यांच्या अक्षरात दोन शब्द होते. 'चहा नको.'

दहा वाजले तसा मी धाकटीला फोन लावला. कामावर होती, मागे यंत्रांचा घुमघुमाट. म्हटलं, "मला तो फोटो बघताच कळलं होतं. मी मुद्दाम गप्प बसले. तू आणि हे बोलता ते मला बघवत नाही."

पलीकडचा घुमघुमाट कमी झाला, ती यंत्रांपासून बाजूला आली असावी.

"वहिनी," ती म्हणाली, "मला राग आलाय. तो राहील थोडे दिवस." मग थांबून, "पण तुम्ही ओळखलंत कसं? आम्ही दोघांनी तीनदा मोजले."

"तुम्ही किती आहेत ते मोजत होतात. मी कोणता आहे ते बघत होते." मग मी तिला टवक्याचं सांगितलं, डिंकाच्या ओघळाचं सांगितलं, माळेचंही. मध्येमध्ये ती "थांबा, फोटो उघडते" म्हणत होती. इतकं सलग मी कितीतरी दिवसांत बोलले नव्हते.

वर पाहिलं तर दारात हे. राग चेहऱ्यावर तसाच होता. मला वळसा घालून पाटीपाशी गेले, 'चहा नको' पुसलं, काहीतरी लिहिलं आणि पाटी माझ्यासमोर धरली.

'कितवा?'

फोन कानाशी तसाच धरून मी खडू घेतला आणि खाली लिहिलं, 'दुसरा आणि चौदावा.'