वीसपैकी वीस

“भिंतीवरनं उतरवूनच आणली, सर,” असं म्हणत कडुबा खरातने मांडीवरचं टॉवेलाचं गाठोडं सोडलं आणि आतली काचेची फ्रेम माझ्यासमोर टीपॉयवर ठेवली.

मी चष्मा लावला. आमच्या शाळेचं प्रशस्तिपत्र होतं. ‘कु. अमृता कडुबा खरात, इयत्ता दहावी, इंग्रजी तोंडी परीक्षेत वीसपैकी वीस गुण.’ खाली सही, श्रीनिवास वालूरकर, इंग्रजी विभाग. करमाडकडच्या आमच्या त्या शाळेत इंग्रजी विभाग म्हणजे मी एकटाच, पण सहीखाली ‘विभाग’ लिहिलं की जरा बरं दिसतं.

रविवारची सकाळ होती. बापलेक पहिल्या बसने शहरात येऊन, पत्ता विचारत विचारत सिडकोतलं माझं घर शोधत आले होते. दारात त्यांना पाहून मला वाटलं, पेढे आले. अमृताचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्याचं कानावर होतं. म्हणून मी आत बायकोला, भानुमतीला, चहा जरा जास्त टाकायला सांगितला. एकोणतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला पेढ्यांचा वास लांबून येतो. या वेळी मात्र नाक साफ चुकलं.

“शेंद्र्याच्या कंपनीत लेखी झाली,” कडुबा सांगू लागला. तो स्वतः त्याच औद्योगिक वसाहतीत एका गोदामात हमाली करतो. “चाळीस पोरांत ही पयली. मंग मुलाखतीला बोलावलं. चार सायब, त्यात एक बाई, सुलेखा म्याडम. त्यांनी इंग्रजीतून इचारलं, तुझी वळख सांग. आन् ही गप.”

“गप नव्हते, अण्णा,” अमृता म्हणाली. ती सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती. “गप राहिले असते तर बरं झालं असतं.”

“मग काय केलंस?” मी विचारलं.

“तक्ता म्हणले, सर.”

माझा तक्ता! तालुक्यात तो प्रसिद्ध आहे. करणारा तोच आणि ज्याला केलं तोही तोच असला, की क्रियापदानंतर ‘सेल्फ’ येतो, हे मी मुलांकडून चालीवर पाठ करून घेतो. आय मायसेल्फ, यू युअरसेल्फ, ही हिमसेल्फ. त्याखाली क्रियापदं, हर्ट, ब्लेम, इंट्रोड्यूस. ओळीने. पेपरात त्याचे दोन गुण ठरलेले, आणि माझ्या वर्गाचे ते कधी गेले नाहीत.

“त्यांनी ‘इंट्रोड्यूस युअरसेल्फ’ म्हणलं, आन् मला पुढचं काहीच सुचंना. तोंडातून तक्ताच सुरू झाला. चालीवर. मला थांबताच येईना.”

“हसले का गं?”

“एक साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. मॅडमनी पाणी दिलं. पुन्हा ये म्हणल्या. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी.”

कडुबा पुढे सरकला. “पोरगी भेली हो, सर. तिला येतंय. तुमीच तर घेतली व्हती तोंडी. तुमच्यापुढं बोलली ती, वीसच्या वीस दिले तुमी. तवा तुमी फकस्त एक चिठ्ठी द्या. मी हिची परीक्षा घेतलीय, हिला बोलता येतंय, येवढंच. तुमच्या शब्दाला वजन हाय.”

मी लेटरहेड घेतलं. लिहायचं म्हटलं की माझं इंग्रजी पाण्यासारखं वाहतं. या विद्यार्थिनीची परीक्षा मी घेतली आहे, असं लिहिलं आणि ठसठशीत दिसावं म्हणून पुढे ‘मायसेल्फ’ जोडला. म्हणजे मी स्वतः घेतली आहे. वाक्याला त्याची काही गरज नव्हती. ती खोटं बोलणाऱ्याला होती. तिथे पेन थांबलं.

कारण परीक्षा झालीच नव्हती.

चार वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, शिक्षकखोलीत बसून मी बासष्ट मुलांचे तोंडी गुण पंचवीस मिनिटांत भरले. आधी गुणांचा कोरा कागद वर्गात फिरवून मुलांच्या सह्या घेतल्या होत्या. सगळीकडे असंच करतात, हे आम्ही एकमेकांना इतक्या वेळा सांगितलं आहे की ते नियमासारखं वाटतं. त्यातही कसब असतं. सगळ्यांना अठरा-एकोणीस दिले तर संशय येतो. म्हणून एखाद्याला चौदा टाकायचे आणि एखाद्याला वीस. अमृताचं लेखी उत्तम होतं, अक्षर मोत्यासारखं. वीस तिला दिले. पुढे गॅदरिंगमध्ये मुख्याध्यापकांना प्रशस्तिपत्रं वाटायची हौस आली आणि त्या विसांवर माझी सहीसुद्धा झाली. तिच्या तोंडून इंग्रजीचं एक वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

मी वर पाहिलं. अमृता माझ्याकडेच बघत होती. तिला माहीत होतं. त्या कोऱ्या कागदावर सही करणाऱ्यांत तीही होती.

“ऱ्हाऊ द्या ना, अण्णा,” ती हळूच म्हणाली. “सरांना कशाला तरास?”

ती मला झाकत होती! वीस वर्षांची पोर, नोकरी हातची जाते आहे, आणि माझी अब्रू सांभाळते आहे. मला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या.

“कडुबाभाऊ,” मी म्हणालो, “ती परीक्षा झालीच नव्हती.”

“म्हंजी? हिची ऱ्हायली व्हती?”

“कुणाचीच घेतली नाही मी.”

“आन् मंग ह्ये वीस?”

“बसल्या जागी लिहिले.”

त्याने फ्रेममधल्या विसावर बोट टेकवलं. मग लेकीकडे वळला. “तुला ठावं व्हतं?”

तिने मान डोलावली.

“मंग बोलली का नाय?”

“तुमी खिळा ठोकीत व्हता, अण्णा.”

भानुमती चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथेच उभी राहिली. कडुबाने फ्रेम उचलली आणि आणली होती तशीच, कोपरे सांभाळून टॉवेलात गुंडाळली. मला वाटलं, आता तरी चढ्या आवाजात काही बोलेल. तो म्हणाला, “येतो, सर,” आणि चपला पायात घालू लागला. चहाला कुणी हात लावला नाही.

“अमृता,” मी दारापर्यंत गेलो, “उद्यापासून शाळेत ये. पाच वाजता, दहावीच्या वर्गात. पुढच्या सोमवारपर्यंत जे होईल ते करू.”

ती बापामागून निघाली. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी रिकाम्या वर्गात सहा वाजेपर्यंत बसून राहिलो. मंगळवारी ती आली.

“हं, इंट्रोड्यूस युअरसेल्फ,” मी खुर्चीत टेकत म्हणालो.

ती उभी राहिली, घुटमळली. “सर, आधी तुमी सांगा ना. कसं बोलायचं असतं, मी कधी ऐकलंच नाय.”

त्यात खोच नव्हती. मी उठलो. माझं नाव सांगितलं, मी इंग्रजीचा शिक्षक आहे असं सांगितलं, आणि पुढे काही येईना. माझं घर, बायको, लहानपण, सगळं मराठीत समोर उभं होतं आणि जीभ टाळ्याला चिकटलेली. मला फळ्याशी इंग्रजी बोलता येत होतं, माणसाशी नाही. एकोणतीस वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

“सावकाश सांगा, सर,” अमृता म्हणाली.

मग आम्ही दोघंही सावकाश शिकलो. रोज एक-एक वाक्य. तक्त्याचं नाव मी काढलं नाही. शनिवारी मी तिला म्हटलं, आज परीक्षा. खरी. ती फळ्यापाशी उभी राहिली आणि अडखळत बोलली. वडील शेंद्र्यात पोती उचलतात. आई मुक्ताबाई दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचते. शेजारचा बिघडलेला मिक्सर मी सातवीत असताना दुरुस्त केला, तेव्हापासून मला यंत्रं आवडतात. नऊ वाक्यं झाली. चार चुकली, दोनदा ती पार थांबली, पण तक्त्याकडे वळली नाही. वहीच्या कागदावर मी गुण लिहिले, वीसपैकी अकरा.

“खरे?” तिने विचारलं.

“खरे.”

“मंग सही करा, सर. तारीख पण घाला.”

सोमवारी मुलाखतीत ती बोलली, पण पुरेसं नाही. जागा दुसऱ्याला मिळाली. सुलेखा मॅडमनी सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज कर म्हणून सांगितलं, आणि तोवर ठेकेदाराकडून पॅकिंगला लाग म्हणाल्या. लेखीत चाळिसात पहिली आलेली मुलगी खोक्यांना टेप लावू लागली. तिला सहा महिन्यांत जे शिकायचं आहे, ते मी तिला दहावीतच शिकवायला हवं होतं. यात दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला जागा नाही.

महिनाभर मी शाळेच्या गावातल्या कडुबाच्या गल्लीवरून जायचं टाळलं. शेवटी एका रविवारी गेलो. अमृता कामावर होती. मुक्ताबाईने पाणी दिलं. मी ग्लास तोंडाला लावला आणि समोर पाहिलं. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोच्या बाजूला, त्याच खिळ्यावर, तीच फ्रेम होती.

मी जवळ गेलो. काचेमागे वहीचा रेघांचा कागद होता. वीसपैकी अकरा. माझी सही, शनिवारची तारीख.

“पोरीनंच लावला,” मुक्ताबाई म्हणाली.

“आन् ते आधीचं?” मी विचारलं. तिच्या बोलीतला शब्द माझ्या तोंडून कसा आला कोण जाणे.

“त्येच्याच मागं हाय,” आतून आलेला कडुबा म्हणाला. “कागद पातळ हाय ना, सर. मागं पुठ्ठा लागतो.” मग त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली, खांद्यावरच्या टॉवेलने पुसली आणि म्हणाला, “बसा, सर. उभं का?”