मास्तरांची रिपॉझिटरी

“काका, हो म्हणा आणि मोकळे व्हा ना! नळ्यांचा ढीग झालाय माझ्याकडे,” रक्ततपासणीच्या ताई दारातूनच ओरडल्या.

हो म्हणायला माझं काय जात होतं? पण इस्पितळाचे संगणक सांभाळणारा मी, आणि पडद्यावर ओळ आली होती, की या रिपॉझिटरीच्या मालकाचं नाव बदललं आहे, मान्य असेल तरच पुढे जाता येईल. रिपॉझिटरी म्हणजे लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या आमच्या मशीनवर प्रोग्रॅम आणि त्यांच्या दुरुस्त्या जिथून उतरतात ते ठिकाण. असा बदल आला की लोक डोळे झाकून हो म्हणतात. मी नाही म्हणत. दारावरची पाटी बदलली तर आत कोण राहायला आलं ते आधी विचारावं. यामुळे अख्खं इस्पितळ मला खडूस म्हणतं. म्हणोत बापडे.

त्यातून ही रिपॉझिटरी मास्तरांची. रक्ताच्या नळ्यांवरची लेबलं छापणारा छोटासा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला होता, आणि अपडेट पुरं होईपर्यंत छपाई बंद राहायची. चौदा वर्षांत आमची भेट नाही, फोन नाही. दर सोमवारी अपडेट झालं की मी ईमेल करायचो, “पोचलं.” ते लिहायचे, “बरं.” माझी बायको गेली त्या आठवड्यात मी काही लिहिलं नाही, तर त्यांनीच विचारलं, “सगळं ठीक ना?” इमारतीतल्या कुणी तेवढंही विचारलं नव्हतं. गेले चार सोमवार त्यांचं उत्तर नव्हतं. गावाला गेले असतील, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

“अर्धा तास लेबलं हातानं लिहा,” मी ताईंना म्हणालो. त्या पाय आपटत गेल्या.

रिपॉझिटरीच्या पानावर नव्या नावाखाली फोन नंबर होता. एका तरुण बाईनं उचलला.

“मास्तर आहेत का? मी लेबलांच्या प्रोग्रॅमबद्दल...”

“बाबा गेले हो. महिना होईल आता.” मग तिनंच विचारलं, “तुम्ही सोमवारवाले का?”

मी नुसता हुंकार दिला.

“मी सगळं बंदच करणार होते, काका. मग म्हटलं, कोण कोण येतं ते तरी बघू. गेली सात वर्षं अपडेट घ्यायला एकच मशीन येतंय, सोमवारी सव्वाअकराला. बाबा आजारपणातसुद्धा त्या वेळी उठून बसायचे. म्हणायचे, माझं एकच गिऱ्हाईक आहे, त्याला ताटकळत ठेवायचं नाही. म्हणून मग माझं नाव घातलं आणि चालू ठेवलं. मला त्यातलं फारसं कळत नाही. चालेल ना?”

मी समजत होतो, हजारो लोकांतला मी एक. हा माणूस माझ्या एकट्यासाठी दुकान उघडत होता! मला रडू आलं, आणि लाजही वाटली. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही, तुम्ही कसे आहात, असं विचारलं नव्हतं.

“चालेल, बाळा. मी येत राहीन,” मी म्हणालो. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय आणि इस्पितळ दुसरी यंत्रणा घेतंय, हे मात्र जिभेवर येऊन राहिलं.

फोन ठेवून मी हो टाइप केलं. ताईंची लेबलं भराभर निघू लागली.

निवृत्तीनंतर पहिल्याच रविवारी घरच्या जुन्या मशीनवर लिनक्स घातलं आणि मास्तरांच्या लेकीची रिपॉझिटरी जोडली. घरात ना प्रिंटर, ना नळ्या. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बरोबर सव्वाअकराला अपडेट चालवलं. नवीन काहीच नाही, असं उत्तर आलं. तिकडे तिला मात्र कुणीतरी येऊन गेलेलं दिसलं असेल.