पलंग न पाहिलेला पलंगपोस

मी पलंगपोस बोलतोय. हसू नका! नावात पलंग असला, तरी उभ्या आयुष्यात मी कधी पलंगावर पसरलो नाही, यात माझा काय दोष?

मला भरलं आत्यानं. तेव्हा ती विशीतली होती. खिडकीपाशी मला मांडीवर घेऊन बसायची. चारी कडांना निळी फुलं आणि पाकळ्यांना तिच्या आईनं शिकवलेला दुहेरी वळणाचा टाका. समोरून पाकळी छान फुगीर दिसायची, मागे मात्र एक गाठ सापडायची नाही. खोटं कशाला बोलू, मी होतोच देखणा.

तेच नडलं. "चांगला आहे, पाहुणे आले की काढू," म्हणून मला ट्रंकेत ठेवलं. पाहुणे आले, राहिले, गेले. त्यांच्या वाट्याला साधी चादर. "हा नको, मळवतील." माणसांचं हे मला कधी कळलं नाही बुवा. जे आवडतं ते डांबरगोळ्यांच्या हवाली करतात!

एक दिवस झाकण उघडलं. आत्याची भाची होती, फॅशन डिझाइन शिकणारी. "आत्या, याचं जॅकेट करू? जुन्या कापडातून नवं काहीतरी करायचंय, परीक्षेसाठी."

"ने बाई, पडूनच तर आहे," आत्या म्हणाली. पण माझ्यावरचा हात काही लवकर काढला नाही तिनं.

कॉलेजातल्या लांबलचक टेबलावर माझ्या अंगावर खडूच्या रेघा उमटल्या. शेजारी ही मोठी कात्री. माझी तर पाचावर धारण बसली! तेवढ्यात तिच्या मॅडम आल्या. त्यांनी माझी कड उलटून पाहिली.

"अगं, हा टाका मी कुठेच पाहिला नाही. कापू नकोस एवढ्यात. ज्या आत्यांनी भरलाय म्हणालीस, त्यांना येतो ना अजून? मग आधी शिकून घे."

घरी येऊन भाचीनं आत्याच्या हातात सुई दिली. पहिल्याच वळणाला दोरा गुंतला. पुन्हा घातला, पुन्हा गुंता.

"गेलं गं माझं," आत्या सुई ठेवत म्हणाली. "इतकी वर्षं नुसती बटणं लावली. आईनं दिलेलं एवढं एकच होतं माझ्याकडे, तेही विसरले." तिचे डोळे भरून आले. मलाही भडभडून आलं, पण कापडानं रडायचं कसं?

भाची हळूच म्हणाली, "कोपऱ्यातलं एक फूल उसवून बघूया? कसं घातलंय ते कळेल."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" आत्या कडाडली. मग त्या फुलावरून बोट फिरवत राहिली. मी मनात म्हटलं, उसवा बाई. मी सुंदर राहून करू काय, टाकाच जर संपणार असेल?

शेवटी तिनंच मला जवळ ओढलं. "दे इकडे, तू फाडशील." ती एकेक फास सोडवत गेली. मध्येच बोटं थांबली.

"थांब थांब... पहिला फास सैल सोडायचा! मी लगेच ओढत होते, म्हणून गुंतत होता!" तिनं दोरा ओवला आणि त्याच भोकांतून पाकळी घातली. एकदम फुगीर! दोघी अशा ओरडल्या, की शेजारीण विचारायला आली काय झालं म्हणून.

जॅकेट झालं, पण जुन्या पडद्याचं. त्यावर भाचीनं भरलेली फुलं जरा तिरकी आहेत. मॅडमना आवडली, आत्याला तर फारच.

हल्ली माझा मुक्काम मॅडमच्या वर्गातच असतो आणि त्यांनी बोलावलं म्हणून आत्या तिथे शिकवायला येते, रागावते, लाड करते. कोपऱ्यातल्या त्या जागी प्रत्येक मुलगी आपलं फूल भरते आणि पुढचीसाठी उसवून ठेवते. भोकं मोठी झालीत, कापड विरलंय. फार दिवस टिकेन असं वाटत नाही. पण खरं सांगतो, इतका आनंदात मी कधीच नव्हतो.

तुमच्याही घरी असेल की आमच्यातलं कुणीतरी. काढा हो त्याला बाहेर.

बरं, आता गप्प बसतो. नवी मुलगी समोर येऊन बसली आहे, सुई टोचायला कचरतेय. घाल पोरी, घाल. मला नाही दुखत.