पहिलं माप

चिखलोलीच्या आमच्या सोसायटीत दर शनिवारी मी मुलांचा एक वर्ग घेतो. फी नाही, परीक्षा नाही. रोजच्या बोलण्यातला एखादा शब्द किंवा घरातली एखादी रीत घ्यायची आणि ती कुठून आली असेल ते शोधायचं, एवढाच उद्योग. मुलं मला अण्णा आजोबा म्हणतात.

डिसेंबरात मी त्यांना पालेगावला, माझ्या ओळखीच्या बनूबाईंच्या खळ्यावर न्यायचं ठरवलं. पालक कुरकुरले. खळ्याला लागून विहीर आहे, हे कुणाला तरी ठाऊक होतं. शेवटी मी ग्रुपवर लिहिलं, ‘सगळी मुलं सुखरूप परत आणीन, जबाबदारी माझी.’ तेव्हा कुठे चोवीस नावं आली. मदतीला शेजारच्या इमारतीतली शलाका होती. कॉलेजात शिकणारी, उत्साही मुलगी.

बनूबाईंच्या शेताच्या तिन्ही बाजूंनी आता उंच इमारती उभ्या आहेत. मधल्या तुकड्यात अजून भात पिकतो. आम्ही पोचलो तेव्हा त्या सुपाने भात पाखडत होत्या आणि त्यांचा मुलगा हरिचंद्र पेंढा रचत होता.

“सुपातून भुसा कसा उडतोय बघा,” मी मुलांना म्हटलं. “याला पाखडणं म्हणतात. आणि बातम्यांत ऐकता ना, अमक्याने तमक्यावर आगपाखड केली? तो माणूस जणू सुपात निखारे घेऊन पाखडतोय.”

“मम्मी करते ती, रिझल्टच्या दिवशी,” सनी म्हणाला. हा वर्गातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा मुलगा.

मग बनूबाई भात मोजायला बसल्या. पायली भरली, वरून हात फिरवला आणि गाण्यासारखा सूर लावला, “लाभ!” पायली गोणीत रिकामी झाली.

मी लगेच सांगायला लागलो. “ऐकलंत? धान्य मोजताना ‘एक’ने सुरुवात करत नाहीत. आधी लाभाचं नाव घ्यायचं, मग मोजायचं. घरात भरभरून यावं म्हणून.” मी बोलत राहिलो आणि बनूबाई पुटपुटत पुढची मापं टाकत राहिल्या. त्या काय पुटपुटत होत्या तिकडे माझं लक्ष नव्हतं. मुलांचंही नव्हतं. ती आपापसांत “लाभ! लाभ!” ओरडत पेंढ्यावर उड्या मारायला पळाली होती.

साडेपाचला बसपाशी रांग लावली. शलाका म्हणाली, “चला, आपलं आपण मोजायचं. एकेकाने नंबर बोला आणि आत बसा.”

सनी धावत पहिला आला. “मी लाभ!” तो ओरडला. सगळे हसले आणि मोजणी पुढे सरकली. शेवटची तेजल चढली आणि म्हणाली, “तेवीस.”

शलाकाने माझ्याकडे पाहिलं. “परत मोजा,” मी म्हणालो. मुलांनी बसल्या जागेवरून पुन्हा आकडे म्हटले. सनीचा लाभ, तेजलचे तेवीस.

“अण्णा, सकाळी चोवीस होते. मी स्वतः मोजलेत.”

“यादी?”

“मोबाइलमध्ये आहे. आणि तो व्हिडिओ काढून काढून बंद पडलाय.” तिने काळा पडदा माझ्यासमोर धरला.

“कोण नाही रे तुमच्यातलं?” मी मुलांना विचारलं. पण ती तीन इमारतींमधली, निम्मी एकमेकांना नावाने ओळखत नव्हती.

“तो रेड टीशर्टवाला नाहीये,” मागून कुणीतरी म्हणालं.

“अबे मी इथेच आहे. स्वेटर घातलाय,” प्रज्वल म्हणाला.

तेव्हा मी स्वतः शांतपणे, एकेकाच्या डोक्याला बोट लावून मोजायला हवं होतं. चाळीस वर्षं वर्गावर उभा राहिलेला माणूस मी, पण तेवढं सुचलं नाही. मला फक्त विहीर दिसत होती.

मी पळालो. गुडघ्यांनी किती दिवसांत ते काम केलं नव्हतं. विहिरीचा कठडा माझ्या कमरेइतका होता आणि त्यावर एक निळी चप्पल होती. लहान मुलाची. एकच.

“हरिचंद्र!” मी हाक मारली. तो धावत आला. त्याने चप्पल पाहिली. कठड्यावर पोट टेकून तो आत वाकला. पाणी स्थिर होतं. त्यावर एका इमारतीचे पेटलेले दिवे दिसत होते.

“गळ आणतो, अण्णा,” तो हळूच म्हणाला आणि घराकडे धावला. मी चप्पल उचलली आणि कठड्याला धरून उभा राहिलो. ‘जबाबदारी माझी’ हे ग्रुपवरचं वाक्य डोक्यात फिरत होतं. कोणाच्या दारात जाऊन काय सांगायचं? आणि कोणाच्या, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

गडबड ऐकून बनूबाई बसपाशी गेल्या होत्या. तिथून त्यांचा खणखणीत आवाज आला, “ओ मास्तर, हितं या आदी!”

मी गेलो. त्यांनी सगळ्या पोरांना खाली उतरवून पुन्हा रांगेत उभं केलं होतं.

“कुनी मोजली पोरां?”

“मुलांनीच,” शलाका म्हणाली. ती रडत होती. “दोनदा मोजलं, आजी.”

“मंग तिसऱ्यांदा मोजा. माज्यासमोर.”

“लाभ!” सनी म्हणाला. यावेळी बारीक आवाजात.

“एक,” त्याच्या शेजारचा सोहम म्हणाला.

बनूबाईंनी हात वर केला. “थांब रं. तू एक, तर मंग ह्यो कोन?”

“मी लाभ,” सनी म्हणाला.

“आरं, लाभ म्हंजीच एक! पयल्या मापाला एक म्हनायचा नाय, लाभ म्हनायचा. मागून दोन, तीन. कुनी शिकवला रं तुमाला, लाभ सोडून मोजायला?”

पोरांनी माझ्याकडे पाहिलं.

बनूबाईंनी सनीच्या डोक्यावर हात ठेवला. “लाभ.” मग सोहमच्या. “दोन.” त्या रांगेतून चालत गेल्या, भाताने खरखरीत झालेला हात एकेका डोक्यावर ठेवत. बावीस. तेवीस. शेवटी राजसी उभी होती, एका पायावर.

“चोवीस,” बनूबाई म्हणाल्या. “आनि ही बगला का झालीय?”

“माझी चप्पल विहिरीवर राहिली,” राजसी म्हणाली. “पाय धुताना एकच काढली होती. सांगायला आले तर सगळे ओरडत होते.”

मी जवळच्या पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसलो. निळी चप्पल अजून माझ्या हातात होती. राजसीने ती काढून घेतली, पायात घातली आणि विचारलं, “पाणी आणू?” हरिचंद्र गळ खांद्यावर टाकून धापा टाकत आला. काय झालं ते ऐकून आधी कपाळाला हात लावला, मग इतका हसला की गळ खाली पडला. शलाका रडता रडता हसायला लागली.

“पयल्याला एक का नाय म्हनायचा, सांगू?” बनूबाई माझ्या शेजारी टेकल्या. “माजी सासू सांगायची, एक म्हटलां का माप एकटां पडतां. लाभ म्हटलां का मागून येत ऱ्हातां.”

“माझं चुकलं,” मी मुलांना म्हणालो. “मला वाटायचं, लाभ ही मोजण्याआधीची प्रार्थना आहे. कधी ऐकून खात्री केली नाही. आजही बाई मोजत होत्या आणि मी बडबडत होतो.”

“आजोबा, तुम्हाला पण येत नाही?” सोहमला फार आनंद झाला.

बसमध्ये पोरं पुन्हा किलबिलायला लागली. सनी मात्र बोटं मोजत बसला होता. पालेगावचा रस्ता संपेपर्यंत तो विचार करत होता. मग मला म्हणाला, “अण्णा आजोबा, म्हणजे हरवलेला मुलगा मी होतो?”

“हिशेबाने पाहिलं तर, हो.”

“आणि मी पण खिडकीतून त्याला शोधत होतो! खूप टेन्शन आलं होतं मला त्याचं.”

सोसायटीच्या फाटकाशी मी बसच्या दारात उभा राहिलो आणि उतरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला. लाभ, दोन, तीन. चोवीसला हात खाली आला तेव्हा संध्याकाळपासून अडकलेला श्वास पुरता बाहेर पडला.

सनीची आई न्यायला आली होती. “काय मग, मजा आली?” तिने विचारलं.

“एकदम भारी!” सनी त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला. “मी हरवलो होतो, अण्णा आजोबा मला विहिरीत शोधत होते!”

आईने माझ्याकडे पाहिलं.

“बसा जरा,” मी म्हणालो. “पहिल्यापासून सांगतो.”